चौदावा प्रश्न

हिल्लार पेट्टाय हा माणूस मुस्तोया गावात एकतीस हिवाळे प्रश्न विचारत आला. दिवसा शाळेत मुलांना भूगोल विचारायचा, आणि ऑक्टोबर ते मार्च, महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, गावच्या सभागृहात मोठ्यांना जगातलं काहीही. ऑक्टोपसला हृदयं किती? किनारा नसलेला समुद्र कोणता? पहिला गीतमहोत्सव कुठे भरला, कोणत्या साली? पुढे मुलं कमी झाली, शाळा बंद पडली, पण शुक्रवार काही बंद पडला नाही. सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं. त्याचा धाकटा भाऊ ओलेव्ह तेवढा नावाने हाक मारायचा, तीसुद्धा दोन हजार आठ सालच्या फेब्रुवारीपर्यंत.

मी आइता. वाचनालय माझ्याकडे होतं, म्हणून गुण मांडायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मास्तराच्या डाव्या हाताला बसून मी चिठ्ठ्या गोळा करायची, लावायची आणि फळ्यावर आकडे लिहायची. तेव्हा जे सांगते आहे ते ऐकीव नाही. त्यातलं थोडं माझ्याही अंगाशी आलेलं आहे, तेही सांगेन.

मास्तराची पद्धत अशी, की पुस्तक नसेल तर प्रश्न नाही. प्रत्येक प्रश्न एका कार्डावर, खाली हिरव्या शाईत पुस्तकाचं नाव आणि पान. कार्डं बुटांच्या खोक्यात. प्रत्येक उत्तर वेगळ्या पाकिटात, पाकीट डिंकाने बंद, आणि सगळ्या टेबलांच्या चिठ्ठ्या माझ्या हातात आल्याशिवाय ते फोडायचं नाही. पाकिटात जे असेल ते त्या संध्याकाळपुरतं खरं. त्यावर वाद घालायचा नाही. पुढे मोबाइल आले तेव्हा दाराशी आलुबुखारांची टोपली ठेवली गेली आणि आत शिरताना प्रत्येकाने आपापला फोन तिच्यात टाकायचा असं ठरलं.

आणि पाकीटच चुकलं तर? त्यालाही रीत होती. पुढच्या शुक्रवारी, पहिल्या प्रश्नाच्या आधी, मास्तर उभा राहायचा आणि सुधारणा वाचायचा. तारीख, प्रश्न क्रमांक, आपली चूक, बरोबर उत्तर, कोणत्या टेबलाला गुण. वाचून झालं की सगळं सभागृह बोटांच्या पेरांनी टेबलावर ठकठक करायचं. टाळ्या नाहीत, फक्त ठकठक. सुधारणा त्यानेच वाचायची, दुसऱ्या कोणी नाही. एकतीस वर्षांत त्याने एकोणीस वाचल्या, आणि मला वाटतं चूक कबूल करताना त्याच्याइतका ताठ उभा राहणारा माणूस आमच्या तालुक्यात नसेल. विसावी तेवढी त्याच्या घशात अडकली.

ओलेव्ह दुग्धशाळेची टाकीगाडी चालवायचा. पहाटे चारला निघून गोठ्यागोठ्यातून दूध गोळा करणारा माणूस, त्यामुळे आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आकाश त्याने पाहिलेलं. बापाने मरताना मोठ्याला ज्ञानकोशाचे तपकिरी खंड दिले, सत्तरच्या दशकातले, आणि धाकट्याला दुर्बीण. त्याच दुर्बिणीतून दोघं भाऊ लहानपणी सौनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, छपरावर उताणे पडून गुरूचे चंद्र बघायचे. हिवाळ्यात आमच्याकडे दुपारी चारलाच अंधार पडतो, तेव्हा आई जेवायला हाक मारेपर्यंत भरपूर वेळ मिळायचा. ओलेव्हने हे मला शंभरदा सांगितलंय. मास्तराने एकदाच सांगितलं, ते पुढे येईल.

आता तो फेब्रुवारी. त्या साली टेबल चारवर ओलेव्ह, त्याची बायको व्हिर्वे आणि शेजारचं एक जोडपं होतं. व्हिर्वे माझी मैत्रीण. तिच्या पोटातला आजार तोवर सगळ्या गावाला माहीत झाला होता, आणि तिला एकच ध्यास होता: हिवाळ्याअखेरीस पहिला येणारा संघ जिल्ह्याच्या ठिकाणी, व्होरूला स्पर्धेला जातो, तिथे जायचं. "आइता, मला कप नको, काही नको," ती म्हणायची. "मोठ्या सभागृहात बसून एकदा पेन्सिल धरायचीय. निळा ड्रेसही काढून ठेवलाय."

चौदावा प्रश्न होता, सूर्यमालेतला सर्वांत मोठा चंद्र कोणता? चिठ्ठी नेहमी व्हिर्वे लिहायची, तिचं अक्षर सुंदर. ओलेव्हने तिच्या कानात सांगितलं आणि तिने लिहिलं, गॅनिमीड. बाकी सगळ्या टेबलांनी लिहिलं, टायटन. त्यांना चंद्रांचं ज्ञान होतं असं नाही. आमच्याकडे मुरलेला खेळाडू प्रश्नापेक्षा प्रश्न विचारणाऱ्याकडे बघून लिहितो. मास्तराकडे कोणता ज्ञानकोश आहे, त्यात काय छापलंय, हे सगळ्यांना पाठ. पाकीट फुटलं, मास्तराने वाचलं, "टायटन. शनीचा चंद्र. खंड सात." टेबल चारला शून्य.

ओलेव्ह उभा राहिला. "हिल्लार, तुझा ज्ञानकोश छापला तेव्हा तसं समजत होते. नंतर यान गेलं तिकडे, मोजून आलं. गॅनिमीड मोठा आहे."

"पाकिटात आहे ते खरं," मास्तर म्हणाला.

"आजपुरतं."

"आजपुरतं," मास्तरानेही मान्य केलं, आणि ते तिथेच मिटायला हरकत नव्हती. सोमवारी मी नवा ज्ञानकोश काढून त्याच्यासमोर उघडला. त्याने वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. "मार्चमध्ये वाचतो," म्हणाला. मी निश्चिंत झाले. पण मंगळवारी दुकानात, पावाच्या रांगेत, ओलेव्हची जीभ सुटली. "मास्तराची पुस्तकं सोव्हिएत," तो म्हणाला, "आणि मास्तरही तसाच. वरून आलं की खरं." रांगेत सात माणसं होती. हिल्लारने त्या राजवटीत शाळेत काय काय मुकाट्याने शिकवलं आणि त्याची त्याला किती लाज होती, हे ओलेव्हइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. बरोबर वर्मावर घाव बसला. मार्चच्या शुक्रवारी मास्तर उभा राहिला आणि सरळ पहिला प्रश्न वाचायला लागला.

हिवाळा संपला तेव्हा टेबल चार एका गुणाने मागे होतं. व्होरूला दुग्धशाळेचा संघ गेला, प्रीडू आणि त्याचे तिघे. व्हिर्वे ऑगस्टमध्ये गेली. निळा ड्रेस तिला घातला तो मीच.

त्यानंतर अकरा वर्षं दोन भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. गंमत म्हणा की आणखी काही, पण ओलेव्हने एकही शुक्रवार चुकवला नाही. टेबल चारवर चौथ्या खुर्चीवर तो आपला कोट टाकायचा, तिथे दुसरं कोणी बसलेलं त्याला खपत नसे. मास्तर प्रश्न वाचायचा, ओलेव्ह लिहायचा, मी चिठ्ठी न्यायची. दोघांमधला सगळा व्यवहार माझ्या हातातून. मी दोघांनाही शिव्या घातल्या, निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या शब्दांत. एक म्हणायचा, "त्याने आधी दुकानातलं परत घ्यावं." दुसरा म्हणायचा, "त्याने आधी तिचा गुण द्यावा." हट्ट करायला दोघांनाही एकाच आईचं दूध पुरलं होतं.

दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत, शुक्रवारच्या आदल्या दिवशी, मास्तर वाचनालयात आला आणि एक कार्ड माझ्यापुढे ठेवलं. प्रश्न चौदावा, सूर्यमालेतला सर्वांत मोठा चंद्र कोणता? खाली हिरव्या शाईत नवा ज्ञानकोश, पान क्रमांकासह.

"हे काय?" मी विचारलं.

"तो लिहील. मी वाचेन, गॅनिमीड. सगळ्यांना आठवेल. त्याला कळेल."

"मास्तर, माफी मागायची तर तोंडाने माग. प्रश्न कसला विचारतोस?"

"अकरा वर्षांनी कुठल्या तोंडाने सुधारणा वाचू? लोक म्हणतील, इतके दिवस कुठे होतास?"

"म्हणू देत की! मीही म्हणेन. सगळ्यांत मोठ्याने म्हणेन."

तो हसला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या मुलासारखा दिसत होता. "उद्या त्याला गुण मिळेल, आइता," म्हणाला. "तेवढं तर होऊ दे." मला राग आला होता आणि दयाही आली होती. मी कार्ड परत दिलं. अडवायला हवं होतं.

शुक्रवारी बर्फ भुरभुरत होतं, पण सभागृह भरलेलं. कॉफीच्या मोठ्या भांड्याला तोटी लावलेली, काळ्या पावावर छोटे खारवलेले मासे आणि अंड्याची चकती ठेवलेली ताटं नेहमीप्रमाणे दहाव्या प्रश्नाआधीच रिकामी. मास्तराचा आवाज तेराव्यापर्यंत ठीक होता. चौदावा वाचताना त्याने मान वर केली आणि टेबल चारकडे बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ओलेव्हनेही बघितलं.

मी चिठ्ठ्या गोळा करत टेबल चारजवळ पोहोचले. शेजारचा माणूस कुजबुजत होता, "ओलेव्ह, गॅनिमीडच ना? तूच तर म्हणायचास..." ओलेव्हने हात वर करून त्याला गप्प केलं. पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकलेली होती. मग त्याने लिहिलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. चेहरा अगदी मोकळा, एखादं जड पोतं उतरवून ठेवल्यासारखा.

टेबलाशी येऊन मी घडी उघडली. टायटन.

मी चिठ्ठी मास्तरापुढे सरकवली. त्याने वाचली, मग पुन्हा वाचली. पाकीट त्याच्या दुसऱ्या हातात होतं, अजून बंद. मी हळूच म्हटलं, "हा प्रश्न रद्द कर. काहीही कारण सांग." तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याला चोरी करायला सांगितलं. रीत ती रीत. त्याने पाकीट फोडलं आणि वाचलं, "गॅनिमीड. गुरूचा चंद्र."

बाकीच्या सगळ्या टेबलांनी गॅनिमीडच लिहिलं होतं. आता पोरासोरांनाही माहीत असतं. मी फळ्यावर गुण मांडले आणि टेबल चारसमोर शून्य लिहिलं, माझ्याच हाताने, दुसऱ्यांदा. आणि मागून प्रीडू ओरडला, त्याच्या पोटात काही वाईट नसतं, फक्त तोंडाला दार नाही: "काय रे ओलेव्ह! तेव्हा बरोबर लिहून हरलास, आता चुकीचं लिहून हरलास! मास्तरापुढे तुझं काही चालत नाही बाबा!"

लोक हसले. मास्तराचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल, इथेच, आत्ता. तोंड मिटलं, आणि त्याने पंधरावा प्रश्न वाचला.

मधल्या सुट्टीत ओलेव्ह कोट घेऊन निघाला. मी खुंट्यांजवळ त्याला गाठलं. "थांब ना रे," म्हटलं, "त्याला तुला..."

"गॅनिमीडच लिहिणार होतो, आइता," तो म्हणाला. टोपी हातात फिरवत होता. "त्याने माझ्याकडे बघितलं तेव्हा वाटलं, विचारतोय. प्रश्न नाही, मला विचारतोय. म्हटलं, जाऊ दे. व्हिर्वे असती तर तीही म्हणाली असती, जाऊ दे. त्याचं टायटन तर टायटन. मरायच्या आधी भाऊ हवा की चंद्र हवा?" तो हसायला गेला, पण हसू नीट आलं नाही. "आणि त्याने मला परत वेड्यात काढलं. सगळ्यांसमोर."

"तसं नाहीये ते."

"मग कसं आहे?"

इथे मी चुकले. मी म्हटलं, "ते त्यालाच विचार." मला वाटलं, अकरा वर्षं निरोप वाहून माझी पाठ मोडली, आता तरी एकमेकांशी बोलू देत. ओलेव्हने टोपलीतून फोन घेतला आणि तो बर्फात निघून गेला.

सगळे गेल्यावर मास्तर त्याच खुर्चीवर बसून होता. तीच चिठ्ठी पुढ्यात. "तो विसरला, आइता," म्हणाला. "छपरावर आम्ही बघायचो. चार ठिपके. मी म्हणायचो, तो तिसरा, गॅनिमीड, मोठा आहे, आणि ओलेव्ह म्हणायचा, तो माझा. माझ्यामुळे तो तेही विसरला."

मला सगळं माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. म्हटलं, "त्याच्या घरी जा. आठशे मीटरवर आहे."

"मार्चमध्ये सुधारणा वाचतो. अकरा वर्षांची. पूर्ण."

"उद्या जाऊन सांग!"

"सुधारणा सभागृहात वाचतात," तो म्हणाला. "स्वयंपाकघरात नाही. त्याचा गुण सगळ्यांसमोर गेला, सगळ्यांसमोरच द्यायला हवा." आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं, हेच तर दुखणं. पुढच्या दोन आठवड्यांत त्याने ती सुधारणा तीनदा लिहून काढली. मला आणून दाखवली, हिरव्या शाईत, एकही खाडाखोड नाही. मी म्हटलं, चांगली झालीय. त्याला मार्चची इतकी घाई मी कधी पाहिली नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी ओलेव्हने सौनाच्या छपरावरचं बर्फ ओढून काढलं, फावडं भिंतीला टेकवलं आणि बाहेरच्या बाकावर बसला. शेजाऱ्याने दुपारी पाहिला तेव्हा तो बसलेलाच होता. हृदय थांबलं होतं.

मातीला सगळं गाव आलं. फाटकापासून रस्त्यापर्यंत आम्ही रिवाजाप्रमाणे फर वृक्षाच्या हिरव्या फांद्या पसरल्या. मास्तराने तीन मुठी माती टाकली, आणि चौथी हातातच धरून उभा राहिला. टाकेना आणि सोडेना. शेवटी मी त्याच्या मुठीची बोटं उघडली.

मला वाटलं होतं, मार्चचा शुक्रवार आता होणार नाही. पण सहा वाजता मास्तर आला, काळ्या कोटात. टेबल चारवर शेजारचं जोडपं बसलं होतं आणि समोर दोन खुर्च्या, दोन्ही रिकाम्या. एकीवर टाकायला कोटही नव्हता. मास्तर उभा राहिला, नेहमीसारखा ताठ.

"सुधारणा," तो म्हणाला. "आठ फेब्रुवारी, दोन हजार आठ. प्रश्न चौदावा. विचारणाऱ्याचं उत्तर चुकीचं होतं. बरोबर उत्तर, गॅनिमीड. टेबल चारने तेच लिहिलं होतं. ओलेव्ह पेट्टाय आणि व्हिर्वे पेट्टाय. टेबल चारला एक गुण. बाकी सर्व टेबलांचा एक गुण वजा." इथवर कागदावर होतं. पुढचं नव्हतं. "चूक त्याच आठवड्यात कळली होती. वाचायला अकरा वर्षं लागली. हिल्लार पेट्टाय."

मग मागे प्रीडू उठला. "म्हणजे त्या साली व्होरूला त्यांनी जायला हवं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "आम्ही गेलो. सोळावे आलो. देवा." त्याने खाली वाकून पेरांनी टेबल वाजवलं, आणि मग सगळ्यांनी वाजवलं. इतका वेळ ती ठकठक मी कधी ऐकलेली नाही. मास्तर टेबल चारकडे बघत उभा होता.

प्रश्न त्या दिवशी झालेच नाहीत. लोक कॉफी पिऊन गेले. मी कप विसळत होते आणि तो पुसत होता, तेव्हा मी सांगितलं. खुंट्यांजवळचं सगळं, शब्दन् शब्द. तो विसरला नव्हता. त्याने मुद्दाम लिहिलं. त्याचं टायटन तर टायटन, असं म्हणाला. भाऊ हवा की चंद्र, असं म्हणाला. आणि हे मला त्याच संध्याकाळी माहीत होतं, हेही सांगितलं.

मला वाटलं, तो मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने हातातला कप पुसून खाली ठेवला. मग दुसरा घेतला, तोही पुसला. शेवटी म्हणाला, "वही आण."

मी गुणांच्या दोन्ही वह्या आणल्या. दोन हजार आठच्या वहीत टेबल चारच्या शून्यावर मी रेघ मारली आणि एक लिहिला. मग मी आपणहून एकोणीसची वही उघडली, फेब्रुवारीचं पान, आणि चौदाव्या प्रश्नाच्या शून्यावर पेन टेकवलं. रीत गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हणत होते.

मास्तराने माझं मनगट धरलं.

"ते राहू दे," म्हणाला. "ते चूकच आहे. त्याला येत होतं, आणि माझ्यासाठी त्याने चुकीचं लिहिलं. ते शून्य माझं आहे, आइता. ते खोडू नकोस."

आणि मग तो रडायला लागला, उभ्या उभ्या, कपडा हातात धरून, लहान मुलासारखा मोठ्याने.